फळीचा होकार

४ फेब्रुवारी
भावाने फळी पाठवली. आईच्या दारातलं झाड तोडलं म्हणे, गाडीला जागा हवी होती! वर फोनवर लाडात, "ताई, तुला चित्र काढायला होईल की." त्या झाडाला हात लावल्याशिवाय आई कधी बाहेर पडली नाही. आणि हा मला साधं विचारतही नाही! रागाने फोन ठेवून दिला.

५ फेब्रुवारी
शाळेत माझ्याबरोबर शिकवणारी एक बाई जपानला जाऊन आली होती. सांगायची— तिकडे जुन्या झाडाला जाड दोर बांधतात, म्हणजे यात देव आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं. तोडायचंच झालं तर आधी त्याची परवानगी मागतात.
तीस वर्षं चित्रकला शिकवली, कागदाला कधी काही विचारलं नाही. या फळीला मात्र विचारणार. उशीर झालाय, पण कोणीतरी विचारायला हवं.

६ फेब्रुवारी
विचारलं. चांगलं मोठ्याने. "रंगवू का गं तुला?" स्वतःच्याच आवाजाने दचकले! दोन दिवसांत तोंड उघडलंच नव्हतं.

९ फेब्रुवारी
शेजारची धडधडबाई जिन्यात भेटली. (दार असं आपटते की माझे ब्रश खाली पडतात.) "पाहुणे आलेत वाटतं? बोलणं ऐकू येतं." माझ्या तोंडून निघून गेलं— "हो, बहीण आलीय."
मला बहीणच नाही! या वयात थापा मारतेय.

१३ फेब्रुवारी
रोज विचारते. होकार कसा ओळखायचा, ते त्या जपानवाल्या बाईने सांगितलंच नव्हतं. ब्रश भिजवते, धुते, ठेवून देते.
विचारता विचारता भलतंच बोलले आज. आई शेवटची आजारी होती तेव्हा शाळेतल्या मुलांच्या परीक्षा म्हणून मी गेले नाही. ती वाट बघत होती. हे आजवर कोणापाशी बोलले नव्हते. फळीपाशी बोलले आणि ढसाढसा रडले.

१४ फेब्रुवारी
धडधडबाई— "बहीण बाहेर दिसत नाही ती?"
मी— "तिचे गुडघे दुखतात."
कपाळ माझं!

१९ फेब्रुवारी
नाही जमत. आईपाशी माफी मागायची राहिली, आता तिच्या झाडाकडे कोणत्या तोंडाने काही मागू? फळी चादरीत गुंडाळून पलंगाखाली सारली. भावाला परत पाठवीन, बसू दे त्याला तिच्यात खिळे ठोकत. फळीशी बोलून कोणी एकटीची दुकटी होत नाही.

२१ फेब्रुवारी
एक शब्द नाही. घर खायला उठतं.

२२ फेब्रुवारी
सकाळीच धडधडबाई दारात. "तीन दिवस तुमचा आवाज नाही. जीव थाऱ्यावर नाही हो माझा." म्हटलं, बहीण गेली. "कसली बहीण! मला सगळं ऐकू येतं." मी लाजेने अर्धी झाले. ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही रोज विचारायचात ना, रंगवू का म्हणून? मी भिंतीपलीकडून रोज सांगत होते— रंगवा हो, रंगवा."