खानेसुमारीत चढलेले राजेश्वर हे नाव उतरवण्याबाबत

प्रति,
मेहेरबान खानेसुमारी अंमलदार साहेब,
मुक्काम मूर्तिजापूर.

विषय: मौजे निंभारी, घर नंबर १७, येथील माझ्या मुलाचे नाव तातडीने खोडून मिळणेबाबत.
संदर्भ: ता. ७ रोजी सरकारी कारकुनाने घरी येऊन केलेली माणसांची नोंद.

महोदय,

१. माझे तीन मुलगे वारले. पहिला रामचंद्र. दुसरा बळवंत, म्हणजे बळाचा. तो उभासुद्धा राहिला नाही. तिसरा यशवंत, सव्वा महिन्याचा गेला. चौथा झाला तेव्हा आमच्याकडील चालीप्रमाणे त्यास उकिरड्यावर ठेवले. सुइणीने तेथून उचलून आणला आणि आम्ही तो तिच्याकडून पसाभर कोंड्याला विकत घेतला. नाव उकंडा ठेवले. उकिरड्यावरची वस्तू कोणी नेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो आज तीन वर्षांचा आहे.

२. कारकून आले तेव्हा ओसरीवर चार माणसे बसली होती. कापसाने माझे दिवस पालटले आहेत. गाडीच्या चाकांना मी चांदीच्या पट्ट्या ठोकल्या आहेत. अशा घरी उकंडा कसा सांगावा, याची मला लाज वाटली. मी राजेश्वर सांगितले. मूर्ख मी आहे, कारकुनाचा दोष नाही. माझी बायको माणिकबाई आतून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "ज्याच्यापासून लपवलं, त्यालेच दाखवून देलं तुमी."

३. त्या दिवसापासून मुलास ताप आहे. राजेश्वर या नावाने घरात त्यास कोणी हाक मारीत नाही. तरी तो अंगणात एकटा असता मधूनच ओ देतो.

४. मी कचेरीत तीनदा आलो. एकदा चढलेले नाव मयताशिवाय उतरत नाही, असे सांगण्यात आले.

५. तरी साहेबांनी राजेश्वर यास आजच मयत लिहावे. खाली नवीन ओळीत उकंडा लिहावा: उकिरड्यावर सापडलेला, बाप नाही, वारसा नाही. त्यामुळे माझी बत्तीस बिघे काळी जमीन पुढे सरकारजमा झाली तरी माझी तक्रार नाही. मयताच्या नोंदीवर मोहर मात्र स्पष्ट उमटवावी. नेण्यास येणारा सरकारी मोहर मानतो किंवा कसे, हे मला ठाऊक नाही. पण दुसरा उपाय उरलेला नाही. मी फार भ्यालो आहे, साहेब.

पायांशी हात जोडून उभा असलेला,
चंद्रभान वल्द खुशालराव गावंडे
निशाणी नांगराची
दस्तुर देवीदास पांडे
ता. २० नोव्हेंबर सन १८६७

सोबत: सुइणीचा जबाब, मुलगा कोंड्याला विकल्याबद्दल, एक.

ता. क. हा अर्ज ओसरीवर लिहून होत आहे. माणिकबाई मुलास उकंडा, उकंडा म्हणून हाका मारीत आहे. तो तिच्याकडे पाहत नाही. वाटेकडे तोंड करून ओ देत आहे. वाटेवर कोणी नाही.