पुट्टीसाठी स्वेटर

राजाजीनगर, बंगळूर
शनिवार, जानेवारी १९९७

प्रिय संग्राम,

छावणीवरचा देवाप्पा तुझं पत्र माझ्या हातात देऊन पिलाच्या दुधाचे डबे आणायला जीप घेऊन चिकपेठेत गेलाय. तो परत येईपर्यंत मला वेळ आहे, आणि तेवढ्यात तुला जे ऐकवायचं ते मी सगळं ऐकवणार आहे. तू म्हैसूरला कावीळ होऊन इस्पितळात पडलायस, आजारी नवऱ्याशी भांडू नये, हे मलाही कळतं. पण पत्र तरी कसं लिहावं माणसाने! पानंच्या पानं त्या हत्तीच्या पिलाची. स्वतःबद्दल एवढंच की डोळे पिवळे झालेत, डॉक्टर उठू देत नाहीत, म्हैसूरला दिलेली अक्का रोज घरून पेज आणते, तू शाळा सोडून येऊ नकोस. आणि माझ्याबद्दल? नाही असं नाही, अगदी शेवटी आहे की. ‘माझा हिरवा स्वेटर खुंटीला राहिला होता, तो देवाप्पाजवळ दे. तू धुतला असशीलच, पण चुकून न धुतलेला असेल तर फार बरं होईल.’ बायकोची आठवण स्वेटरपुरती. वाचून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

स्वेटर कशाला हवाय ते देवाप्पाने दारातच सांगितलं. बिचाऱ्याने आत येऊन पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ‘अम्मा, पुट्टी हालु कुडियल्ला,’ म्हणाला. पिलू दूध पीत नाही. तू इस्पितळात गेल्यापासून तिने कुणाच्या हातून बाटली तोंडात धरलेली नाही. बदली डॉक्टर नळीने साखर-मिठाचं पाणी पोटात घालतात, पण तेवढ्यावर ती जगायची नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी असते आणि जीपचा आवाज आला की कान पसरते, मग उतरणारा तू नाहीस असं दिसलं की पुन्हा भिंतीकडे वळते. तुझ्या वासाचा स्वेटर कुणी अंगात घातला तर कदाचित पिईल, म्हणाला. आणि मला काय वाटलं, सांगू? दया नंतर आली. आधी मत्सर वाटला. नवरा दिसला नाही म्हणून अन्न सोडायचं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि सगळ्यांनी हळहळायचं, हे तिला बरं शोभतं! मी केलं असतं तर तूच म्हणाला असतास, अगं, शहाणी ना तू.

आणि ते नाव. ते तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. आपण बेळगावहून इथे आलो तेव्हा तुला ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढं सोडून धड कानडी येत नव्हतं. शेजारच्या कस्तुराक्का गल्लीतल्या प्रत्येक पोरीला पुट्टी म्हणून हाक मारायच्या. छोटुकली, लाडकी, असं काहीसं. तू तो शब्द उचललास आणि घरी येताना फाटकापासूनच ‘पुट्टी, चहा!’ म्हणून ओरडायला लागलास. पाच फूट सहा इंच उंचीच्या बायकोला! कस्तुराक्का हसून हसून बेजार व्हायच्या. मला लाज वाटायची आणि आवडायचंही. मग वनखात्याने तुला, गुरांच्या डॉक्टरला, हत्तींच्या छावणीवर उसनं मागून घेतलं, तू गेलास, आणि पावसाळ्यात तुझं पत्र आलं की एक मादी पिलू सापडलंय, आम्ही तिला पुट्टी म्हणतो. आम्ही म्हणजे कोण रे? छावणीतल्या लोकांनी ठेवलं म्हणून तू नंतर सांगितलंस, पण माझा अजूनही विश्वास नाही. त्या दिवसापासून तू मला पत्रात ‘प्रमोदिनी’ लिहितोस. पूर्ण नाव. रेशनकार्डावर असतं तसं.

ती कशी सापडली, ते पत्र मात्र मी रडत वाचलं होतं, हेही सांगून टाकते. हत्ती शेतात येऊ नयेत म्हणून खणलेला तो चर, त्यात पावसाचा चिखल, आणि कळप ओलांडताना ती आत घसरली. आई काठावर गुडघे टेकून सोंडेने तिला ओढत होती. निघालीही असती. पण पिकं जातील या भीतीने गाव ढोल, डबे, फटाके घेऊन धावून आलं आणि आईला पळवून लावलं. तू लिहिलं होतंस की गावावर तरी राग कसा धरायचा, त्यांचंही पोट त्या नाचणीवर. पण सुळ्यांसाठी नर मारून मारून या जंगलात नर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, आणि हत्तीण जवळजवळ दोन वर्षं पोट वागवते तेव्हा एक पिलू होतं, म्हणून हिला जगवून पुन्हा कळपात पोचवायचीच. मी ते पत्र शाळेत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. माझा नवरा, म्हणून मिरवले. मला काय माहीत, पुढे आपल्याच पोटात दुखणार आहे!

दसऱ्याच्या सुटीत मी तिथे आले ते आठवतं? मी नवी जांभळी साडी नेसून एसटी बदलत बदलत आले, लाडूंचा डबा सांभाळत. तू मला बांबूच्या कुंपणाबाहेर उभं केलंस. आत यायचं नाही, बोलायचं नाही, हाक मारायची नाही. तिला माणसांची सवय लागली तर ती कळपात परत जाणार नाही, म्हणून तुझा नियम होता की कुंपणाच्या आत फक्त तू. मी मुकाट्याने उभी राहिले. तू बाटली घेऊन बसलास आणि ती धावत आली, कान हलवत, वेडीवाकडी, आणि सोंड सरळ तुझ्या काखेत खुपसली. काखेत सोंड ठेवल्याशिवाय घोट घेत नाही म्हणे. पिताना तिचे डोळे मिटत होते. आणि तू तिच्या कपाळावर हनुवटी टेकून हसत होतास. ते हसू मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं, संग्राम. लोकांच्या नवऱ्यांना बाहेर कोणी भेटते तर ती निदान दोन पायांची असते. मी कुणाकडे गाऱ्हाणं घेऊन जाऊ? आईला लिहिलं असतं तर तिने मलाच वेड्यात काढलं असतं.

मग दिवाळी. तू आलास, मी म्हटलं, चला, सणापुरता तरी आपला. पण सारखा तुझा जीव तिकडे. चकली खाताना तिचं शेण पातळ होतंय का याची चिंता. गाईचं दूध तिला बाधतं, म्हणून बाळांची पावडर, त्यात नाचणीची पेज किती आणि खोबऱ्याचं तेल किती, हे तू मला अभ्यंगस्नानाच्या आधी समजावून सांगितलंस. मी काय खाते, मला काय बाधतं, कधी विचारलंस? पाडव्याला मी पाट मांडला, रांगोळी घातली, तबक हातात घेऊन तुला ओवाळायला उभी राहिले, आणि तेवढ्यात कस्तुराक्का धावत आल्या की छावणीवरून फोन आहे. तू त्यांच्या घरी गेलास तो धोतरावरच, आणि परत आलास तो पँट चढवायला. तिने दूध तोंडातून टाकलं होतं, तेव्हाही. मी निरांजन घेऊन दारात उभी, आणि तू ‘आलो की बघू’ म्हणत रिक्षाच्या मागे धावतोयस. त्या गडबडीत स्वेटर खुंटीला राहिला. कस्तुराक्कांनी मला कॉफी आणून दिली.

आता मी जे लिहिते ते नीट वाच, कारण हे मी रागाने लिहीत असले तरी खरं आहे. तिला माणसांची सवय लागू नये म्हणून तू इतर सगळ्यांना दूर ठेवलंस. सगळ्यांनी मान डोलावली, कारण तू डॉक्टर. माणसांची सवय तिला लागलीच नाही. तुझी लागली. एकट्या तुझी. हत्तीचं पिलू कळपात चार मावश्या-आज्यांच्या पायांत वाढतं, असं तूच मला लिहिलं होतंस, आणि तूच तिला एका माणसाच्या काखेत वाढवलंस. तुझी कावीळ तिच्या जिवावर उठली ती अशी. आणि हे काही तुला नवीन नाही. बेळगावला आमच्या घरात दिवसभर माणसांचा राबता होता. मला तू इथे आणलंस, जिथे मी शाळेत हिंदी शिकवते, दुकानात मोडकं कानडी बोलते, आणि मनातलं मराठी फक्त तुझ्याशी. मला तुझ्याशिवाय कोणी नको, असं तेव्हा मीच म्हणत होते आणि तुला त्याचं कौतुक वाटत होतं. मग एक दिवस तू निघून गेलास. मी काय भिंतीकडे तोंड करून उभी राहिले नाही? राहिले होते की. पण मला बघायला जीप घेऊन कोण येणार!

म्हणून आज तुझं पत्र वाचल्यावर पहिला विचार आला तो असा, की नाही द्यायचा स्वेटर. देवाप्पाला सांगायचं, धुतला, तुझे साहेब ओळखतातच मला. खरंच, काही संशयसुद्धा आला नसता तुला. गल्लीत माझ्या धुण्याची चेष्टा होते. पायपुसणं मी दोनदा पिळते. चादरी, पडदे, तुझी छावणीवरून आलेली ती शेणाच्या वासाची पोतडी, सगळं मी त्याच दिवशी भिजत घालते. स्वेटर मी विणलेला, त्याची डावी बाही लांब झालेली, तो धुवायचा की नाही हे ठरवायचा अधिकारही माझाच.

पण संग्राम, मी तो धुतलेला नाही. पाडव्याला तू गेल्यावर खुंटीवरून काढला, भिजवायला बादलीत पाणी घेतलं, पावडर टाकली, फेस केला, आणि त्याच पाण्यात पडदे धुतले. तुझ्या घामाचा, विडीच्या धुराचा (ओढत नाहीस म्हणतोस, मला कळत नाही का?) आणि तिच्या सांडलेल्या दुधाचा असा तो आंबूस वास. कुणी दुसऱ्याने घरात आणला असता तर मी काठीने उचलून बाहेर टाकला असता. तो माझ्या उशाखाली आहे तेव्हापासून. डाव्या काखेशी नाक नेलं की मला झोप लागते. तिची सोंडही डाव्याच काखेत असते, हे मला दसऱ्याला दिसलं होतं. आता हस. पण डॉक्टर उठू देत नाहीत तोवर पोटावर हात ठेवून हस.

देवाप्पाची जीप खाली वाजली. त्याच्याजवळ मी नुसता स्वेटर देणार नाही. दुसऱ्या कुणाच्या अंगावर तो चढलेला मला बघवणार नाही. तो मी घातलाय, आत्ता, साडीवर, या टळटळीत दुपारी, आणि कस्तुराक्का खिडकीतून बघतायत. मोठ्या बाईंना त्यांच्याच फोनवरून कळवलं की घरात लेकरू आजारी आहे, शाळेत येऊ शकत नाही. आपल्याला मूल नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी रजा दिली. म्हैसूरला जीप थांबेल, देवाप्पा वर येऊन तुला हे पत्र देईल. मी खाली बसलेली असेन आणि वर येणार नाही. खिडकीशी येऊ नकोस, डॉक्टरांचं ऐक. तुला भेटायला मी नंतर येईन, आधी तिच्याकडे जाऊ दे. तुझा नियम मी मोडणार आहे. ती माझ्या काखेत प्यायली की उद्या देवाप्पाच्या, परवा स्वयंपाकघरातल्या बाईच्या, असा स्वेटर एकेकाच्या अंगावर चढवत नेईन, आणि एक दिवस तो उतरवून ठेवीन. तुझ्याशिवाय दोन घास पोटात कसे ढकलायचे, हे मला चांगलं जमायला लागलंय. तेवढं तिला शिकवून येते.

तुझीच,
पहिली पुट्टी