घरची शांती

रविवार, सांजच्याला

लय थकले आज. आठवडाभर कापूस येचून पाठ गेली, वर सुनेचा अबोला. नाव तिचं शांती, अन् घरात शांतीच न्हाई!

सकाळी चर्चमंदी मिस्सेच्या प्रार्थनेत फादर म्हनले, "एकमेकांना शांती द्या." मी शेजारच्या मार्थाला हळूच म्हनलं, "माझी शांती घिऊन जा बाई, फुकट हाय." मार्था खुदकन हसली.

मागं वळले तर सूनच उभी. ऐकलं का तिनं? ऐकलंच असंल. हात जोडून म्हनली, "आत्याबाई, मी कुटंच जायची न्हाई."

किती दिसांनी बोलली! हसू आलं, डोळेबी भरले.

आता ती भाकरी थापायलीय, बडबड चालू हाय. पोरगा ट्रकवर, हे तर देवाघरी. घरात माझ्याबिगर आवाज तिचाच. तेवढा ऱ्हाऊ दे, देवा.