कौसाबाईची पट्टी

२ नोव्हें., रविवार
आज प्रार्थनेत लता सगळ्यांसमोर उभी राहिली. "माह्या पुतणीसाठी प्रार्थना करा. नवरा मारते तिले. माहेरी येऊन बसली." लता माझी धाकटी जाऊ. माझ्या श्वेताचं मी तिला एकटीलाच सांगितलं होतं, दार लावून. अकरा घरांची आमची ख्रिस्ती मंडळी. संध्याकाळपर्यंत अख्ख्या शेलूबाजारला माहीत. श्वेता जेवली नाही. "आई, तुलेच तोंड आवरलं नाही." खरं आहे.

४ नोव्हें.
मंडळीच्या ग्रुपवर दिवसभर तेच. कोण लताकडून, कोण माझ्याकडून. शिवायची ब्लाउजं तशीच पडून. दारू सोडली अशी साक्ष लताच्या नवऱ्यानं मंडळीत दिली होती. अजून पितात भाऊजी, मला माहीत आहे. सगळं टाइप केलं. पाठवलं नाही. पुसलंही नाही.

६ नोव्हें.
पास्टरांकडे गेले. वाटलं, लताला चार शब्द सुनावतील. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागच्या गल्लीतल्या कौसाबाईले कोण पाहून राह्यलं?"
"मले काय मालूम?"
"मलेबी नाही मालूम. पाहून ये."
राग आला. मी रडत होते आणि हे...
तरी गेले. गालाचा कॅन्सर. अकोल्याहून घरी पाठवलं, आता काही होत नाही म्हणून. गालाला भोक पडलंय. वास दारापर्यंत. बाहेर येऊन ओकले.

८ नोव्हें.
गावच्या नर्सबाईंनी जखम धुवायला शिकवलं. आत अळ्या. चिमट्यानं एकेक काढल्या. कौसाबाईनं माझा पदर घट्ट धरून ठेवला होता.
तिचा मुलगा सुनील शेतातून आला. बौद्ध घर. दारातूनच म्हणाला, "काकू, धर्म बदलायले आल्या काय?"
"पट्टी बदलायले आलो."
त्यानं पाणी गरम करून आणून दिलं.

१३ नोव्हें.
रोज दोनदा जाते. ग्रुप उघडलाच नाही. हात चालतात तेवढा वेळ डोकं गप्प असतं. पंधरा वर्षं मंडळीत जाते, प्रभूनं मला कशासाठी बोलावलं ते पहिल्यांदा थोडं कळतंय. का ही नुसती पळवाट?
कौसाबाईचं बोलणं समजत नाही. आज समजलं. "तुया देवाले म्हण, मले ने." म्हटलं मी. मनापासून.

१६ नोव्हें., रविवार
पास्टरांनी मला नि लताला हात मिळवायला लावले. मिळवले. माफ केलं का? नाही वाटत. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे.

१९ नोव्हें.
दुपारी पट्टी करून आले, हात धूत होते. श्वेता मागे येऊन उभी. "आई, तिची जखम रोज पाह्यते. माही पाह्यली का?" बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत काळंनिळं.
ती आल्यापासून मी विचारलंच नव्हतं. लोक काय म्हणतील, एवढंच चाललं होतं डोक्यात.
तेल कोमट करून लावलं. 

२२ नोव्हें.
कौसाबाई गेली. सुनीलच्या बहिणीनं नि मी अंघोळ घातली. गालावर स्वच्छ पट्टी बांधली. आता काय उपयोग, पण बांधली. त्यांची बुद्धवंदना झाली. मी दाराशी उभी राहून माझी प्रार्थना केली. कोणी हटकलं नाही.
घरी आले तर श्वेताची बॅग नाही. कळलं, जावई येऊन तिला सासरी, केनवडला घेऊन गेला. फोन बंद.
लता दारात आली. "ताई, मले दिसला तो. अडवलं नाही मी. म्हटलं, अजून म्हणतील लता मधात पडते."
तोंडात आलं होतं सगळं, भाऊजींचं सुद्धा. पण हे सांगायला ती स्वतःहून आली होती.
म्हटलं, "उद्या पयल्या जीपनं केनवडले जातो. येतं का?"
लता चप्पल काढून आत येऊन बसली.
ते लोक दार उघडतील का? श्वेता येते म्हणेल का? तिथं जाऊन मी भांडण करीन का पोरीला सोडवीन, तेही सांगता येत नाही.
प्रभू, आम्ही पोचेपर्यंत तू तिच्याजवळ राहा.