बॅरीशिवाय बॉयलर

रविवार, २७ ऑक्टोबर
आज पहाटे हिवाळ्यासाठी देशभरातली घड्याळं तासभर मागे गेली. म्हणजे आजपासून हीटिंग लावायला हरकत नाही. त्याआधी लावणारी माणसं मनाने दुबळी असतात, हे ग्लेनिसला लग्न झाल्यापासून सांगत आलोय. तरी सप्टेंबरपासून बाई घरात कोट घालून वावरते. नाटकं नुसती.

जेवणानंतर थर्मोस्टॅट सतरा अंशांवर फिरवला. बॉयलर गुरगुरला. नळाला कढत पाणी, रेडिएटर मात्र मढ्यासारखे गार.

ग्लेनिसने रेडिएटरला हात लावून पाहिला, वर गेली आणि बॅग घेऊनच खाली आली. म्हणाली, ब्रेंडाकडे चाललेय, घर गरम झालं की बघू. ब्रेंडा म्हणजे माझी मेहुणी. तिचा नवरा बॅरी गॅसची कामं करतो. सरकारी परवाना आहे, व्हॅनच्या दोन्ही अंगांना स्वतःचं नाव. त्याच्या घरात जानेवारीतसुद्धा माणसं बनियनवर बसतात.

बॅरीला बोलावणार नाही. निश्चय. गेल्या नाताळात माझी ग्रेव्ही चमच्यात घेऊन त्याने भर पंगतीत विचारलं होतं, ही खायची की भिंतीला लावायची.

बॉयलर मी दुरुस्त करणार. आठवड्यात ग्लेनिस परत.

सोमवार, २८ ऑक्टोबर
व्हिडिओ पाहून निदान केलं. डायव्हर्टर व्हॉल्व्ह. गरम पाण्याने नळाकडे जायचं की रेडिएटरकडे, हे तो ठरवतो. आमचा नळाच्या बाजूला अडकलाय. म्हणजे प्रश्न वाहतूक नियंत्रणाचा आहे, आणि मी कौन्सिलच्या पार्किंग खात्यात जन्म काढलाय. मला कोण शिकवणार? नवा व्हॉल्व्ह मागवला.

ग्लेनिसचा फोन. तिकडे तेवीस अंश आहे म्हणे. मी म्हटलं, तब्येतीला वाईट.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर
पार्सल आलं. संध्याकाळी हॅलोविनचे भुतांचे मुखवटे घातलेली पोरं गोळ्या मागायला दारात. हाकलली. बरोबरच्या आईने विचारलं, तुम्ही कुठे बाहेर निघालाय का, कोट घातलाय म्हणून विचारते. लोकांना नाक खुपसायची फार हौस.

शनिवार, २ नोव्हेंबर
शस्त्रक्रियेचा दिवस. बॉयलर जिन्यावरच्या कपाटात आहे. जुना व्हॉल्व्ह सोडवला. आतलं पाणी काळंकुट्ट असतं हे व्हिडिओतल्या गाढवाने सांगितलं नव्हतं. ते पायरी-पायरीने खाली हॉलपर्यंत गेलं. गालिचा क्रीम रंगाचाच हवा हा ग्लेनिसचा हट्ट होता. मी तेव्हाच विरोध केला होता. तेव्हा चूक कोणाची हे उघड आहे.

नवा व्हॉल्व्ह बसेना. दुकानदाराने भलत्याच मॉडेलचा पाठवला. मॉडेल मी सांगितलं नव्हतं हे खरं, पण विचारायचं काम त्याचं. चिडून जुनाच परत बसवला. एक रबरी कडं उरलं. कंपन्या एखादं जास्तीचं देतातच.

रविवार, ३ नोव्हेंबर
बॉयलरखाली थेंब थेंब गळतंय. आता नळालाही गार पाणी. किटलीत पाणी तापवून आंघोळ. निम्मं अंग झालं आणि पाणी संपलं.

ग्लेनिसला फोनवर सांगितलं, काम अंतिम टप्प्यात आहे.

बुधवार, ६ नोव्हेंबर
दोष आणखी आत असणार. पुढचं झाकण उघडलं. त्यावर लिहिलंय, परवाना नसलेल्याने उघडू नये. असल्या सूचना मी नोकरीत रोज लावत होतो. त्या इतरांसाठी असतात. झाकणाच्या कडेची रबरी पट्टी फाटली, ती आधीच सैल असावी. पाणी भरून बॉयलर चालू केला, तर विषारी वायूचा अलार्म किंचाळायला लागला. हा अलार्म बॅरीनेच दिलेला. मालकाचा गुण घेतलाय. बॉयलर बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या. घरापेक्षा बाहेर ऊब होती.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
गावाच्या दुसऱ्या टोकाहून माणूस बोलावला, बॅरीच्या कानावर जायला नको म्हणून. चेहरा आंबट. चहा विचारला नाही. त्यानेही तसं सुचवलं नाही, यावरूनच तो कसला मेकॅनिक ते कळलं.

फाटकी पट्टी बघून त्याने मीटरपाशी गॅस तोडला आणि बॉयलरवर लाल कागद चिकटवला: धोका, वापरू नये. वर माझीच सही मागितली. मी हयातभर लोकांच्या गाड्यांच्या काचांवर दंडाचे कागद लावले, आणि हा माझ्या घरात येऊन मला कागद लावतो? सही करणार नाही म्हणालो. तो म्हणाला, नका करू, कागद लागू होतोच. हे वाक्य माझं आहे. तीस वेळा तरी रोज म्हणायचो मी.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
डब्यातलं सूप, दोन स्वेटर, पायात तीन मोजे (डाव्यात दोन). ग्लेनिसने फोनवर विचारलं, किती अंश आहे. एकवीस, असं ठोकून दिलं. ती म्हणाली, "नॉर्मन, तुझे दात वाजतायत."

लाइन खराब असेल म्हणालो. ती दुसऱ्या कोणाशी काहीतरी बोलली आणि कोणीतरी खळखळून हसलं. ब्रेंडाचं हसणं बदललंय असं वाटलं. नंतर लक्षात आलं, ग्लेनिस हसत होती. मी ओळखलंच नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
नको ते झालं. ग्लेनिसने बॅरीला धाडला. व्हॅन नेमकी खिडकीसमोर लावली, सगळ्या गल्लीला नाव वाचता यावं म्हणून.

"काय साडूभाऊ, पोस्टमॉर्टेम कोणी केलं या बॉयलरचं?"

मी जिन्याकडे बोट दाखवलं. त्याने नवा व्हॉल्व्ह बसवला, फाटकी पट्टी बदलली, गळती थांबवली, तपासण्या करून लाल कागद काढला. तोंड अखंड चालू. उरलेलं रबरी कडं त्याने बोटात अंगठीसारखं घालून दाखवलं आणि विचारलं, लग्न कधी? चहा तीन वेळा मागून घेतला. टॉर्च मी धरला होता, म्हणजे काम दोघांचंच. पहिला रेडिएटर तापला तेव्हा मी त्याला पाठ लावून उभा राहिलो. तेही बॅरीने पाहिलं.

जाताना दारात घोटाळला. एकही टोमणा मारला नाही. नुसतं म्हणाला, काळजी घे. हे मला अजिबात आवडलं नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर, दुपारी
ग्लेनिस चारला येणार. थर्मोस्टॅट एकवीसवर ठेवलाय. या घरात हा आकडा पहिल्यांदाच. गालिच्याच्या डागावर छोटं टेबल ठेवलं. पोर्क पाय (डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री) आणला. कालची भांडणं काल. मी मोठ्या मनाचा माणूस आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी
आली होती. कोट अंगावरच. वर जाऊन कपाट रिकामं केलं, दोन बॅगा भरल्या. मी जिन्याखालून सांगितलं, आता घर गरम आहे, कोट काढ. ती खाली आली आणि थर्मोस्टॅटपुढे उभी राहिली.

"एकवीस," ती म्हणाली. "कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"मग उतरव, नॉर्मन. मी इथे राहत नाही आता."

बाहेर बॅरी गाडी चालू ठेवून बसला होता. एक बॅग तिने उचलली, दुसरी उचलायला मी पुढे झालो, तर म्हणाली, राहू दे.

थर्मोस्टॅट सतरावर आणला. तिने सांगितलं म्हणून. म्हणजे अजून या घरात तिचाच शब्द चालतो. हे तिला फोन करून सांगायला हवं.

केला. ब्रेंडाने उचलला. म्हणाली, ती जेवतेय.