अंग काढून घेतल्याविषयी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी एक अंग, डावा हात, प्लॅस्टरमध्ये आहे. सात अंगांचा गोड मानून घे. तुझी तब्येत कशी आहे? भाचीचा फोन आला होता. तुला विसरायला होतं, म्हणून दवाखान्यातली औषधांची खिडकी तू या महिनाअखेर सोडणार आहेस, असं म्हणाली. एखाद्याला भलतीच गोळी दिली जाईल याची तुला भीती वाटते, आणि विसरण्याची सुरुवात भाऊजींच्या कोटापासून झाली, असं तू सगळ्यांना सांगतेस म्हणे. त्यासाठीच लिहितो आहे. पण आधी माझं ऐक.

मंगळवारी दुपारी दुकानात स्टुलावर चढून कपाटावरचा अस्तराचा तागा काढत होतो. चक्कर आली. मग मी छताजवळ होतो आणि खाली चिंध्यांत एक गृहस्थ आडवा पडला होता. बिचाऱ्याची पँट आखूड आहे, असं वाटलं. (पँट माझीच. शिवलेलीही मीच. टकलाचा घेर मात्र मला आजवर कोणी सांगितला नव्हता.) वरून कपाटाचा मागचा कोपरा दिसत होता. तिथे वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं होतं, आणि त्यातून भाऊजींच्या कोटाची करडी बाही बाहेर आली होती.

तोच कोट. तीन वर्षांपूर्वी, भाचीच्या लग्नाआधी, आजाराने भाऊजी वाळले म्हणून तू तो आत घ्यायला आणला होतास. मी म्हणालो, तू दिलाच नाहीस. भाऊजी स्वेटर घालून लग्नात उभे राहिले आणि त्याच वर्षी गेले. तू तेव्हा म्हणालीस, "अंग काढून घेण्यात तू पहिल्यापासून पटाईत." या वेळी खरोखरच काढून घेतलं, ताई, आणि तेही छतापर्यंत.

शेजारचा इस्त्रीवाला म्हणतो, आत्मा बाहेर पडला. चांदीच्या दोरीने बांधलेला होता म्हणून परत आला. (दोरा कितव्या नंबरचा, असं मी विचारलं. तो रागावला.) डॉक्टर म्हणतात, कानाच्या वर मेंदूचा एक भाग असतो, आपलं शरीर कुठे आहे ते तो सांभाळतो, रक्त कमी पडलं की त्याचा पत्ता चुकतो. मी पुडक्याचं सांगितलं. ते म्हणाले, "स्टुलावर उभे होतात ना? मग ते तुमच्या नाकासमोरच होतं." बायको म्हणाली, "इतकी वर्षं अंगात राहून काय दिवे लावलेत, ते आता बाहेर जाऊन लावणार?"

मला इस्त्रीवाल्याचं पटलं. कोट आत्म्याला सापडला, म्हणजे मला तो कुठे आहे हे माहीत नव्हतं. तो माझ्याकडेच होता, तू दिला होतास, एवढं कबूल करतो. गर्दीत राहून गेला असेल. क्षमा कर.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. गर्दीत राहून गेला नाही. दोन बोटं आत घे, असं तू म्हणाली होतीस. दोन्ही बाजू मिळून दोन, की प्रत्येकी दोन, हे विचारायचं राहिलं. मी प्रत्येकी दोन घेतली आणि उरलेलं कापड कापूनही टाकलं. आत घेतलेली शिवण उसवून पुन्हा सैल सोडता येते, कापड कापल्यावर सोडायला काही उरत नाही. भाऊजींना तो झाला नसता. म्हणून पुडकं बांधून मीच वर ठेवलं.

पुन्हा ता. क. त्या दिवशी तागा काढायला चढलो नव्हतो. सकाळीच भाचीचा फोन येऊन गेला होता. कोट घेऊन तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं. पुडक्याला हात लागला आणि चक्कर आली.

शेवटचं. तू आग्रहाने सांगत होतीस की कोट दिला, तेव्हा भाऊजींसमोर मी म्हणालो, "ताईला हल्ली आठवत नाही." तेव्हापासून तू ते खरं मानलंस. खिडकी सोडू नकोस. अर्ज दिला असशील तर परत घे. तुझी आठवण शाबूत होती, ताई. माझीही.