यनोकची शेजारीण

हादो, जेजू बेट, कोरिया
२७ फेब्रुवारी २००४

चि. यनोक हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू पाठवलेल्या कंबरदुखीच्या पट्ट्या पोचल्या. म्हातारी समजतेस की काय मला? एकाहत्तराव्या वर्षीही श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जाते आणि तरण्याताठ्यांपेक्षा जास्त शिंपले काढते.

एक गंमत सांगते. माझी पाळी परत आलीय! तीन महिने अधूनमधून डाग दिसतो. दुखत-खुपत काही नाही. बुडी मारायचा नवा रबरी पोशाख आवळ आहे, तोच घासत असेल. पंधरा वर्षांपूर्वी पिशवी काढली, मग काळजी कसली? घरच नाही तिथे चोर कुठून येणार!

पण विटाळ तो विटाळ. वाऱ्याच्या आजीच्या, आपल्या समुद्रदेवीच्या, पूजेला गेले नाही, पाय मुरगळल्याची थाप मारली. बुडी मारणाऱ्या बाकीच्या बायका किनाऱ्यावर शेकोटीपाशी कपडे बदलतात, मी भिजलेली तशीच घरी येते. त्यांना वाटतं, मी रुसलेय. वाटू दे. पण एकटीने जेवताना घास उतरत नाही गं.

तुझी,
चुनसेंगताई

इकुनो, ओसाका, जपान
९ मार्च

ति. ताईस यनोकचा सा. न. वि. वि.

मला मुळीच हसू आलं नाही. अगं शहाणे, पिशवी गेली तरी खालची वाट राहतेच ना! त्या योनिमार्गालाही कर्करोग होतो. इथे माझ्या शेजारणीला झालाय, म्हणून ठाऊक. बहुतेकींना होतो तो आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा, सावकाश वाढतो. एक ग्रंथींचा असतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा फार विरळ, पण वाईट. साठी उलटली की धोका वाढतो. कधीकाळी नवऱ्याकडून आलेला विषाणूही वर्षानुवर्षं अंगात दडून बसतो. त्यात बाईचा काय गुन्हा?

आधी नुसता डाग दिसतो, नाहीतर पाण्यासारखं जातं. मग गाठ लागते, ओटीपोट दुखतं, लघवीला आग होते. ताई, तू डागापाशीच आहेस. उद्याच्या उद्या जा. नाही गेलीस तर बोलणार नाही तुझ्याशी.

तुझी,
यनोक

हादो
२ जुलै

चि. यनोक हिला आशीर्वाद.

जिंकलीस बाई! डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला. चपट्या पेशींचाच निघाला, अगदी पहिल्या पायरीवर. सहा आठवडे किरण घेतले. थकवा आहे, पण वाचले म्हणतात.

शेकोटीपाशी सगळं सांगून टाकलं. एकीने आधी पाठीत धपाटा घातला आणि मग रडली. रोज एकजण धंदा बुडवून माझ्याबरोबर बसने शहरात यायची.

तुझ्या शेजारणीचं नाव काही तू लिहीत नाहीस. तिच्यामुळे मी जगले. सुकवलेले शिंपले पाठवतेय, तिला पेज करून घाल. तिच्याजवळ कोण असतं गं?

तुझी,
ताई

इकुनो
१५ जुलै

ति. ताईस सा. न. वि. वि.

शिंपले पोचले. पेज मीच केली, मीच खाल्ली. शेजारीण कुणी नाही, ताई. ती मीच.

वर्षभर डाग लपवले. सून उठायच्या आत चादर धुऊन टाकायची. आग व्हायला लागली तेव्हा गेले, तोवर रोग मूत्राशयापर्यंत पोचला होता. तुला दटावलं, पण माझी लाज सुटली नाही. मुलासुनेला वाटतं, मी अजून चपला शिवायला जाते. मी इस्पितळात जाते, उपचार घेते, बाकावर बसून राहते आणि संध्याकाळी घरी येते.

तू विचारलंस, तिच्याजवळ कोण असतं. कुणी नसतं, ताई.

पत्रातून लोभ पुष्कळ केलास. आता तूच ये.

तुझी,
यनोक